पहिल्या रांगेतला रुमाल

पितृपक्षात विमानाची तिकिटं स्वस्त मिळतात, हे मी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना सांगून सांगून थकले. त्या दिवसांत आपल्याकडे कुणी नवी साडी घेत नाही, घर बघायला जात नाही, आणि मौजमजेच्या प्रवासाला तर निघतच नाही. मग आमच्यासारख्यांचं फावतं. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगखाली मी बॅगा घेऊन उतरले की कुणीतरी तोंड वाकडं करायचंच. "पितरांच्या दिवसांत घराला कुलूप?" मी म्हणायचे, "पान वाढून निघालोय. ते काही रोज जेवायला येत नाहीत."

असं बोलायची मला सवयच आहे. आई म्हणायची, तुझ्या तिरसटपणामुळे तुझं लग्न झालं नाही. मी म्हणायचे, लग्न झालं नाही म्हणून मी तिरसट झाले. हा वाद आमच्यात वर्षानुवर्षं चालला आणि त्याचा निकाल काही लागला नाही.

आई आणि मी, घरात दोघीच. मी विम्याच्या कचेरीत नोकरी करते. बाबांनी गिरगावातली खोली विकून मीरा रोडला हा फ्लॅट घेतला तेव्हा मी कॉलेजात होते. बाबांना जग बघायचं होतं. 'बघू, रिटायर झाल्यावर' हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. रिटायर झाल्यावर त्यांनी तिघांचे पासपोर्ट काढले, बँकॉकचं ठरवलं, आणि निघायच्या आधीच्या महिन्यात भाजी आणायला गेले असताना दुकानाच्या पायरीवर बसले ते बसलेच. त्यांच्या पासपोर्टवर एकही शिक्का नाही. आई तो पासपोर्ट देवघराच्या खणात ठेवायची.

वर्षभराने आई एका संध्याकाळी म्हणाली, "आपण जाऊया ना दोघी." तेव्हापासून आम्ही फिरायला लागलो. बँकॉक, काठमांडू, हनोई, कोलंबो, सीएम रीप. विमान सगळ्यात स्वस्त, हॉटेल त्याहून स्वस्त. शेजारच्या गुजराती भाभी थेपल्यांचा डबा बांधून द्यायच्या. बॅगेत एक विजेची किटली असायची आणि तिच्यात आई मऊ खिचडी करायची. किटलीत खिचडी करू नये असं तिच्यावर लिहिलेलं होतं, ते आम्ही दोघींनी वाचलं नव्हतं असं समजायचो. आईचे गुडघे गेलेले होते. त्यामुळे कुठेही गेलं तरी आधी बसायला जागा कुठे आहे ते बघायचं आणि मग देऊळ, राजवाडा, धबधबा वगैरे.

आणि जागा दिसली की आई रुमाल टाकायची.

रुमाल बाबांचा, मोठा, चौकड्यांचा. गिरगावात असताना नाटकाला, मंडळाच्या कार्यक्रमाला, एसटीला आई नेहमी पुढे जायची आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकून बसायची, कारण बाबा कधी वेळेवर आलेच नाहीत. तिसरी घंटा झाली की ते अंधारातून वाट काढत यायचे. आई गुडघे बाजूला घ्यायची, त्यांना आत जाऊ द्यायची आणि रुमाल उचलायची. लहानपणी मी हे इतक्यांदा बघितलंय की आजही डोळे मिटले तर मला नाटक आठवत नाही, आईचे गुडघे आठवतात. बाबा गेल्यावर त्यांचे रुमाल आईच्या पर्समध्ये आले आणि ती माझ्यासाठी जागा धरायला लागली. मला फार लाज वाटायची. हनोईत फुटपाथवरच्या वीतभर उंचीच्या स्टुलावर तिने रुमाल टाकला आणि मी सूपवाल्या बाईला पैसे देईपर्यंत कुणीही तिथे बसलं नाही. "बघ," आई म्हणाली, "सगळ्यांना कळतं." ती भलतीच खूश झाली होती.

शेवटची ट्रिप आम्ही मलेशियात पेनांगला केली. व्हिसाची कटकट नव्हती, तिकीट स्वस्त होतं, झालं. बाबांची तिथी आटोपून निघालो. क्वालालंपूरला विमान बदललं आणि दुपारी पेनांगमधल्या जॉर्जटाउन शहराच्या जुन्या वस्तीतल्या एका गेस्टहाउसमध्ये पोहोचलो. तिथे जिकडेतिकडे जळल्याचा वास होता. फुटपाथच्या कडेला, गटाराच्या काठाला, झाडाच्या बुंध्याशी लाल मेणबत्त्या आणि उदबत्त्या खोचलेल्या होत्या, त्यांच्यासमोर संत्री, बिस्किटं, भाताचा मुटका. पत्र्याच्या डब्यांत कागद जळत होते आणि काळी राख हवेत तरंगून आमच्या केसांवर बसत होती.

आईने माझा दंड धरला. "ओलांडू नकोस. उतारा आहे."

"आई, हा मलेशिया आहे."

"मग काय झालं? तिठ्यावर भात आणि दिवा ठेवलाय, तो काय कोणी जेवायला ठेवलाय?" असं म्हणून तिने, गुडघे दुखत असताना, रस्ता ओलांडून पलीकडचा फुटपाथ धरला. गेस्टहाउसची मालकीण, एक चिनी आजी, तिने नंतर सांगितलं की हा त्यांचा भुतांचा महिना आहे. ज्यांचं मागे कोणी नाही असे आत्मे या महिन्यात मोकळे फिरतात आणि लोक त्यांच्यासाठी रस्त्यात जेवण ठेवतात. त्या वर्षी त्यांचा महिना आणि आपला पंधरवडा एकमेकांवर आले होते. दरवर्षी तसं होत नाही. आई म्हणाली, "बघितलंस? पक्षच आहे त्यांचा." उताऱ्याच्या बाबतीत ती बरोबर निघाली म्हणून मला उगाच राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होता होता एका गल्लीच्या टोकाला झांजा आणि ढोल ऐकू आले. रस्ता अडवून मंच उभारला होता, आपल्याकडे गणपतीत उभारतात तसाच, बांबू आणि रंगीत पडदे. त्याच्या बरोबर समोर कागदाचा एक प्रचंड देव उभा होता, डोळे वटारलेला. मंचावर रंगवलेल्या चेहऱ्यांचे नट उंच आवाजात गात होते. बघणारी माणसं थोडीच होती, बहुतेक म्हातारी, मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्यांवर. मी आईला म्हटलं, "तू बस कुठेतरी, मी खायला काही मिळतं का बघते."

मी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा पुडा घेऊन परत आले तेव्हा आई पहिल्या रांगेत बसलेली होती. अख्ख्या रांगेत एकटी. तिच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या लाल खुर्च्या, आणि डाव्या हाताच्या खुर्चीवर बाबांचा चौकड्यांचा रुमाल.

मला वाटलं, पुढची रांग पाहुण्यांची असणार. आपल्याकडे नाही का नगरसेवकांसाठी सोफे ठेवतात आणि ते शेवटपर्यंत येत नाहीत. आईला असल्या रिकाम्या जागांचा फार राग यायचा. मी पुढे निघाले, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने माझी बाही पकडली. तिने मान हलवली. बोटाने पहिली रांग दाखवली, पुन्हा मान हलवली. तिची पकड घट्ट होती. मी थांबले. आईला हाक मारायला तोंड उघडलं, पण झांजा इतक्या जोरात वाजत होत्या की काही उपयोग नव्हता.

आणि तेव्हा मी बघितलं. आईने मान वर करून उजवीकडे पाहिलं. गुडघे बाजूला घेतले, दोन्ही हातांनी धरून, हळूच, तिला दुखायचं म्हणून. क्षणभर तशीच थांबली. मग तिने शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल उचलला, त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. पुन्हा मंचाकडे बघायला लागली.

तिथे कोणीही आलं नव्हतं. मी डोळ्यांनी बघत होते. खुर्ची रिकामी होती आणि आई थोडी उजवीकडे सरकून बसली होती, शेजारच्याला कोपर लागू नये अशी.

नाटक संपेपर्यंत त्या म्हातारीने माझी बाही सोडली नाही. नंतर आई उठून आली तेव्हा मी विचारलं, "रुमाल का उचललास? मी आले नव्हते अजून." आई म्हणाली, "किती उशीर केलास. शेंगा आणल्यास का?" आणि पुडा माझ्या हातातून घेऊन चालायला लागली.

सकाळी नाश्त्याला मी मालकीणबाईंना विचारलं. त्या हसल्या. पहिली रांग त्या आत्म्यांची असते, म्हणाल्या, नाटकही त्यांच्यासाठीच असतं, आपण मागे बसून बघायचं. पर्यटक बसतात चुकून, काही होत नाही. मी विचारलं, आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला तर? त्यांना कळेना. मी टेबलावरचा कागदी नॅपकिन उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवून दाखवला आणि सांगितलं की आमच्याकडे याचा अर्थ असा, की इथे कोणी येणार आहे, त्याच्यासाठी जागा धरलीय. त्यांचा कॉफी ओतणारा हात थांबला. "म्हणजे तुमच्या आईने बोलावलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो नॅपकिन खुर्चीवरून उचलला आणि चुरगाळून टाकून दिला.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? आणि ती मजेत होती. टेकडीवरचं देऊळ बघितलं, फेरीबोटीत बसून पलीकडे जाऊन आलो, आणि आईने कुठेच रुमाल टाकला नाही. बोटीत मी तिच्या शेजारी बसायला गेले तर म्हणाली, "तू समोर बस ना, हवा लागेल." मी समोर बसले. तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. बोट भरलेली होती तरी नाही.

परतीच्या विमानात तेच. आम्ही सीट निवडायचे जादा पैसे कधी देत नाही, त्यामुळे कंपनी आम्हाला मुद्दाम लांब लांब बसवते असा माझा आरोप आहे. मी मागे, आई बरीच पुढे. विमान गच्च भरलं होतं आणि आईच्या शेजारची मधली सीट रिकामी. उड्डाण झाल्यावर मी उठून तिथे गेले. आई म्हणाली, "जा गं तू तुझ्या जागेवर." मी सीटकडे पाहिलं. रुमाल नव्हता. रुमाल असता तर मला भीती वाटली नसती, कारण रुमाल असेपर्यंत जागा रिकामी असते. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि मुंबई येईपर्यंत उठले नाही.

घरी आलो. पावसाळा अजून रेंगाळत होता. घरात एक वास यायला लागला, न वाळलेल्या कपड्यांसारखा. मी कपड्यांचा स्टँड बाल्कनीतून हॉलमध्ये आणला, हॉलमधून पुन्हा बाल्कनीत नेला, पडदे धुतले. वास गेला नाही. तो एका जागी नसायचा. आई सोफ्यावर असली की सोफ्यापाशी, आई झोपायला गेली की तिच्या खोलीत. आई आयुष्यभर पलंगाच्या मधोमध ऐसपैस झोपली. आता ती कडेला झोपायची आणि भिंतीकडची बाजू मोकळी सोडायची. रिक्षात बसली की मधे सरकायची. खाली बागेतल्या बाकावर एका टोकाला बसायची, आणि रोजच्या बायका आल्या की तिच्या शेजारी न बसता समोरच्या बाकावर दाटीवाटीने बसायच्या. त्यांना विचारलं असतं तर त्यांना कारणही सांगता आलं नसतं.

एकदा मी ठरवून बाबांचा रुमाल कपाटातून काढला आणि जेवणाच्या टेबलाशी आईच्या शेजारच्या खुर्चीवर टाकला. बघूया म्हटलं. आई वाटी घेऊन आली, रुमाल बघितला आणि वैतागली. "जागेवर कोणी असताना रुमाल काय टाकतेस? वेडी आहेस का?" तिने तो उचलून माझ्या हातात दिला.

डॉक्टरांकडे नेलं, विसरभोळेपणा सुरू झालाय का बघायला. आईने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि वर डॉक्टरांना आज कोणता वार आहे ते तिनेच सांगितलं. डोकं लख्ख होतं. पण छातीच्या तपासण्या केल्या तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. हृदय थकलंय, म्हणाले, आता विमानप्रवास नको, जिने नको, जपा. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पेनांग बघून झालं ते बरं झालं."

त्या दिवशी मला सगळ्याचा अर्थ लागला, किंवा लागला असं वाटलं. रुमाल बाबांचा. बाबा नेहमी उशिरा येतात. आईने जागा धरली आणि ते आले, इतक्या वर्षांनी, कोरा पासपोर्ट घेऊन, आणि आता आईला घेऊन जाणार. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. आई झोपली की हॉलमधल्या फोटोसमोर उभी राहून बाबांशी भांडायचे. जिवंतपणी कधी वेळेवर आला नाहीत, आता कसली घाई? बसायचं तर बसा, पण तिला नेऊ नका. माझ्याकडे दुसरं कोण आहे? बाबा फोटोत नेहमीसारखे हसत होते. मला ते हसणं सहन होईना. मी फोटो भिंतीकडे वळवून ठेवला. सकाळी तो सरळ होता. आईनेच केला असणार.

थंडी पडल्यावर आईने एका रविवारी डोंगरीला जाऊया म्हणून हट्ट धरला. उत्तनच्या बाजूला, समुद्राजवळ. परदेश बंद झाला तर एवढं तरी. भाईंदरहून बस पकडली. आई दोघांच्या सीटवर खिडकीशी बसली आणि मी, आता न सांगताच, तिच्या मागच्या सीटवर. वाटेत एक कोळीण चढली, डोक्यावरची रिकामी टोपली काखेत घेत. बस भरली होती. ती आईच्या सीटपाशी आली.

"इथं कोन हाय का बाय?"

"बसलंय," आई म्हणाली.

कोळणीने सीटकडे बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता ही हसेल, नाहीतर कडाकडा भांडेल, आणि मला हायसं वाटेल. तिने पदर नाकाला लावला, एक पाऊल मागे सरकली आणि म्हणाली, "बरं, बसू दे." डोंगरी येईपर्यंत ती दांडा धरून उभी राहिली आणि त्या सीटकडे पाठ करून होती.

आम्ही उतरलो. चढावर एका बंद घराच्या कट्ट्यावर आईला बसवलं. खाली बोंबील वाळत घातले होते, ऊन छान होतं, लांब समुद्र दिसत होता. अशा जागी कुणी रडावं असं काही नव्हतं, पण मला रडू फुटलं.

"आई, बाबांना सांग, अजून वेळ आहे म्हणून. मी एकटी काय करू?"

आई माझ्याकडे वळली. "बाबा? कुठले बाबा?"

"तुझ्या शेजारी. पेनांगपासून."

"अगं, ते कशाला येतील?" आई चक्क हसली. "त्यांचं दरवर्षी पान वाढतो, कावळा लगेच शिवतो. त्यांना काय कमी आहे?"

"मग कोण आहे?"

"मला काय माहीत? एक बाई आहे. माझ्याच वयाची असेल. नीट बघायला गेलं की दिसत नाही, नुसती शेजारी असते. कपडे ओले असतात बिचारीचे." आई कट्ट्यावर बोट फिरवत बोलत होती, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेवरून. "मी तुझ्यासाठी रुमाल टाकला होता. तू शेंगा आणायला गेलीस. ती येऊन उभी राहिली. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या गं, पण माणूस बसतं कुठे? जिथे कुणीतरी आपल्यासाठी जागा धरलीय असं वाटतं तिथे. तिच्यासाठी कुणी कधी धरली नसेल. मी काय म्हणणार, ऊठ म्हणून?"

"आणि घरी घेऊन आलीस?"

"ती आली. मी नको म्हटलं नाही." दम लागला होता तिला. "पहिल्यांदा दया आली म्हणून. नंतर विचार केला. माझं पान तू वाढशील. तुझं कोण वाढणार? तू बाहेरगावी जाशील, तेव्हा शेजारी कोण बसेल? म्हणून मी तिला सांगून ठेवलंय, माझ्यानंतर हिच्या शेजारी बस. तोंडाने तिरसट आहे, पण मनात काही नसतं."

मला काय वाटलं ते मी सरळ सांगते. मला आईचा भयंकर राग आला. मी ओरडले, मला नकोय असली सोबत, मला तू हवीस. खालून जाणारी माणसं वर बघायला लागली. आई म्हणाली, "मी हवी असून काय उपयोग? मी काय कायमची आहे?" आणि पर्समधून बाबांचा रुमाल काढून माझ्या हातात दिला, डोळे पुसायला. त्या उन्हातही त्याला न वाळलेल्या कपड्यांचा वास येत होता.

आई होळीच्या आधी गेली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. पलंगाच्या कडेलाच होती, भिंतीकडची बाजू मोकळी. लोक आले, सगळं रीतीप्रमाणे झालं. भाभी कितीतरी दिवस डबा आणून देत होत्या. मी मात्र घरात फक्त वास शोधत फिरत होते, आईच्या खोलीत, सोफ्यापाशी, जेवणाच्या टेबलाशी. वास नव्हता. मला वाटलं, तीही गेली, आईबरोबर. बरं झालं, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. पण मग घरात काहीच नव्हतं. सोफ्यावर मी कुठेही बसले तरी चालत होतं, आणि मला ते सोसत नव्हतं.

पितृपक्ष आला. आईचं पहिलं वर्ष सरलं नव्हतं, गुरुजी म्हणाले, यंदा पक्षात तिचं पान नाही. म्हणजे आईला यायलाही जागा नव्हती. मी घरात राहू शकले नाही. स्वस्तात कोलंबोचं तिकीट मिळालं, ते काढलं. भाभींनी थेपले दिले आणि या वेळी बिल्डिंगखाली कुणी तोंड वाकडं केलं नाही. तेही मला आवडलं नाही.

सकाळचं विमान होतं. माझी सीट कडेची निघाली. खिडकीशी एक मुलगी बसताक्षणी टोपी डोळ्यांवर ओढून झोपली होती. मधली सीट रिकामी. मी बॅग वर ठेवली, बसले, पर्स उघडली आणि रुमाल काढून मधल्या सीटवर टाकला. हाताने आपोआप केलं ते. आई मागून हळूहळू येत असणार, गुडघे धरत, असंच मला वाटलं होतं. मग आठवलं. मी त्या रुमालाकडे बघत बसले. उचलायचा होता, पण उचलला तर मान्य केल्यासारखं होईल, की कोणी येणार नाहीये.

माणसं चढत राहिली. एक गृहस्थ बोर्डिंग पास हातात घेऊन आमच्या रांगेपाशी थांबले, सीटचा आकडा पाहिला, मग रुमाल पाहिला. "यहाँ कोई है क्या?" त्यांनी विचारलं. सीट बहुधा त्यांचीच होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी नाक चोळलं, इकडेतिकडे बघितलं, आणि "पीछे खाली है शायद," असं पुटपुटत मागे निघून गेले.

मग मलाही आला तो वास. न वाळलेल्या कपड्यांचा, अगदी जवळून, माझ्या उजव्या खांद्यापाशी, वाटेत कोणीतरी उभं असावं तसा. ते थांबून होतं. आत जायला वाट मिळावी म्हणून थांबतात तसं.

मला भीती वाटली. खरंच वाटली. पण उशिरा आलेलं माणूस वाटेत उभं असताना काय करायचं असतं, ते मी लहानपणापासून बघत आलेय. मी दोन्ही गुडघे बाजूला घेतले. जरा थांबले. मग रुमाल उचलला, घडी घातली, आणि मधल्या सीटवरचा पट्टा कुणाच्या अंगाखाली येऊ नये म्हणून सरळ करून ठेवला.

"बस," मी म्हटलं. "आई सांगून गेलीय मला."